क्षमापना म्हणजे तडजोड नव्हे

संपादक महोदय,

संवत्सरी, म्हणजे जैनांचा वर्षातून एकदा येणारा क्षमा मागण्याचा दिवस, आली की घरच्याच माणसाकडून अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला ‘आता माफ करून टाक’ असा आग्रह होतो. हा क्षमापनेचा, म्हणजे क्षमा मागण्या-देण्याच्या परंपरेचा, विपर्यास आहे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणजे ‘माझे दुष्कृत्य मिथ्या होवो’. हे ज्याने चूक केली त्याने म्हणायचे. त्याआधी आलोचना हवी, म्हणजे नेमके काय केले ते गुरूंसमोर नाव घेऊन सांगायचे आणि प्रायश्चित्त स्वीकारायचे. सर्वांना एकदम धाडलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात यातले काहीच नसते.

ज्याने सोसले त्याच्यासाठी ‘खामेमि सव्वजीवे’ (‘मी सर्व जीवांना क्षमा करतो’) आहे, आणि ते स्वतःच्या मनातला वैरभाव सोडण्यासाठी. कर्मग्रंथांत, म्हणजे कर्माविषयीच्या जैन ग्रंथांत, कषायाच्या (राग, अहंकार, कपट, लोभ या विकारांच्या) चार पायऱ्या आहेत: पंधरा दिवस, चार महिने, वर्षभर आणि जन्मभर टिकणारा. पाक्षिक, चौमासी, संवत्सरी ही प्रतिक्रमणे (आपल्या चुका आठवून त्यांतून मागे फिरण्याचे विधी) त्याच मुदतींना धरून येतात. म्हणजे राग विरायला वेळ लागतो, हे परंपरेलाही ठाऊक आहे. खोल जखम एका संध्याकाळी भरत नाही. जबरदस्तीने म्हटलेले सूत्र राग फक्त आत ढकलते.

शिवाय, क्षमेने अपराध्याचे कर्म पुसले जात नाही. ते त्यालाच भोगावे लागते. म्हणून वैर सोडूनही पोलिसांत तक्रार देता येते, त्या घरी जाणे थांबवता येते. वडीलधाऱ्यांनी कृपया यात आडवे येऊ नये.

– एक वाचक, सांगली