पाकिटातली बिजागरी

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि सोबतचं कोटेशन मिळून आठवडा झाला. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा फोनने उठवलं. आज फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आलेय.

मालदीवमधून तुमच्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंग आणि फिटिंगची चौकशी आली, पाठोपाठ कॅरिबियनमधल्या सेंट लुशियातूनही आली, आणि तुझा पार्टनर म्हणतो, एवढ्याशा बेटांना माल पाठवणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. अरे, गेली बारा वर्षं माझं घर याच दात कोरण्यावर चाललंय! तेव्हा माझं मत काय असणार हे तुला ठाऊक आहेच. तरी सांगते, कारण पार्टनर अगदीच चूक नाही. त्याने फक्त चुकीचा आकडा धरलाय.

तो लोकसंख्या बघतोय. मालदीवच्या 2022 च्या जनगणनेत माणसं भरली जेमतेम पाच लाख पंधरा हजार, म्हणून त्याने नाक मुरडलं असणार. पण 2024 या एका वर्षात तिथे 20 लाखांवर पर्यटक येऊन गेले. ते ज्या पलंगावर झोपले, ज्या नळाखाली हात धुतले, ज्या कठड्याला रेलून फोटो काढले, ते जवळजवळ सगळं कुठून तरी जहाजातून आलेलं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. त्याचा धक्का वेगळा, जनरेटर वेगळा, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट वेगळा, स्वयंपाकघर वेगळं. शेजाऱ्याकडून स्पॅनर मागून आणायची सोय नाही. अशी दीडशेच्या वर रिसॉर्टं आहेत. तुझं गिऱ्हाईक म्हणजे ती पाच लाख पंधरा हजार माणसं नव्हेत, या रिसॉर्टांचे खरेदी बघणारे लोक आणि त्यांना माल पुरवणारे राजधानी मालेमधले व्यापारी. शिवाय खारा वारा रात्रंदिवस काम करत असतो. एकदा बसवलं आणि वीस वर्षं विसरलं असं तिथे होत नाही. त्यामुळे पहिल्या ऑर्डरपेक्षा मागून येणारी सुट्या भागांची ऑर्डरच जास्त भरवशाची.

सगळी बेटं अशीच असतील असं मात्र समजू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या ‘विकसनशील छोट्या बेटराष्ट्रां’च्या यादीत 39 देश आहेत. त्यात सिंगापूर आहे आणि दहा-अकरा हजार वस्तीचं तुवालूही आहे. गंमत म्हणजे गयाना, सुरिनाम आणि बेलिझ ही चक्क खंडाला चिकटलेली मंडळीही त्यात आहेत. ‘आयलंड मार्केट’ हा शब्द परिसंवादात बरा दिसतो. कोटेशन काढताना त्याचा काही उपयोग नाही.

मी एखादं नवं बेट बघायला घेते तेव्हा पहिला प्रश्न विचारते: तिथे जहाज किती दिवसांनी लागतं? आणि थेट लागतं की मध्ये कुठे माल उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवतात? एवढं कळलं की निम्मा धंदा कळतो. पॅसिफिकमधल्या नौरूचंच बघ. 21 चौरस किलोमीटरचा देश, पण कित्येक वर्षं मोठं जहाज लागेल असा धक्काच नव्हता. जहाज बाहेर खोल पाण्यात तरंगत्या बोयांना बांधायचं आणि कंटेनर एकेक करून बार्जवर, म्हणजे सपाट बोटीवर, उतरवायचे. समुद्र खवळला की जहाज तसंच ताटकळत राहायचं. अशा ठिकाणी दुकानातला माल संपणं हे दुकानदाराच्या हातात नसतं.

भाड्याचंही असंच. जाताना जहाज भरलेलं, येताना रिकाम्या कंटेनरांचा ढीग, कारण या बेटांकडे परत पाठवायला फारसं काही नसतं. परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे तुझ्याच भाड्यात आलेले असतात. भाव ऐकून फॉरवर्डरवर, म्हणजे जहाजात जागा घेऊन माल पाठवून देणाऱ्यावर, ओरडू नकोस, त्याच्या हातात फार काही नाही. (ओरडायला दुसरी कारणं तो देईलच. माझा एक कंटेनर मधल्या बंदरात रोल झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर चढलाच नाही, आणि मला ते एकोणीस दिवसांनी कळलं. तेही गिऱ्हाइकाकडून. त्याच्या हॉटेलचं उद्घाटन झालं, पण स्वयंपाकघरात टेबलं नव्हती.) तेव्हापासून मी पोहोचायची तारीख एकच अशी देत नाही, मधल्या बंदरातली एक फेरी चुकेल असं धरूनच देते. आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर, तेव्हा तिथला व्यापारी आधीच साठा करून ठेवतो. त्याच्या चौकश्या कधी वाढतात हे या कॅलेंडरवरून ओळखता येतं.

व्यापारासाठी एखादा देश किती वाकतो ते पॅसिफिकमधल्या सामोआने दाखवलं. 7 सप्टेंबर 2009 ला त्यांनी अख्ख्या देशाची वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूवरून डाव्या बाजूला आणली. मुख्य कारण हे की ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधून स्वस्तात जुन्या गाड्या आणता याव्यात. तिकडे राहणारे सामोअन नातेवाईक त्या घरी पाठवू शकतील. एवढ्यावर थांबले नाहीत. 2011 मध्ये 29 डिसेंबरची रात्र संपली आणि उजाडला थेट 31 डिसेंबर! आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी मारली, 30 तारीख गाळूनच टाकली. तोवर त्यांचा शुक्रवार चालू असताना न्यूझीलंडमध्ये शनिवारची सुट्टी, आणि तिकडे सोमवारी दुकानं उघडली की हे रविवारी चर्चमध्ये. आठवड्यातले कामाचे दोन दिवस वाया जात होते. शेजारचं अमेरिकन सामोआ अजून आदल्याच दिवसात आहे. आता सांग, ज्या गिऱ्हाइकाने पुरवठादारासाठी आपली तारीख बदलली, त्याला तू तुझा कमीत कमी ऑर्डरचा नियम ऐकवणार?

इथेच बाहेरच्या कंपन्यांची संधी आहे असं मला वाटतं. मोठा कारखानदार म्हणतो, एकाच मालाचा पूर्ण कंटेनर घ्या. बेटावरचा व्यापारी म्हणतो, या मापाचे चाळीस, त्या मापाचे सहा, थोडे स्क्रू, दोन दरवाजे आणि जमलं तर कुणाकडून तरी मिळणारे हे नळही त्यातच टाका. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते, आणि ती अशा खिचडीने भरून द्यायची तयारी असलेला माणूस त्याला सापडत नाही. मी तो माणूस झाले, माझं कसब एवढंच. पॅकिंग लिस्ट चौदा पानांची होते, कामाची मुलं वैतागतात, पण भावाची घासाघीस अर्ध्यावर येते. तुमच्या कारखान्यात हे होणार नसेल तर सरळ माझ्यासारख्या कुणाला तरी माल विक आणि मोकळा हो.

विजेचं तुझ्या रेलिंगला लागू नाही, पण तू पुढे मोटरवाल्या गेटचा विचार करतोयस म्हणून लिहिते. कॅरिबियनमध्ये शेजारचं बेट म्हणजे वेगळं जग. सेंट लुशियात व्होल्टेज 230-240 आणि 50 हर्ट्झ. त्रिनिदादला 115 आणि 60. बार्बाडोसला व्होल्टेज अमेरिकेसारखं 115, पण फ्रिक्वेन्सी युरोपसारखी 50. तेव्हा ‘कॅरिबियन मॉडेल’ असं काही बनवू नकोस.

आणि लाकूड. माल कितीही चोख असला तरी त्याच्याखालचं पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांची बैठक, तुला अडकवू शकतं. पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर 2007 साली नारळावरचा गेंडा भुंगा सापडला आणि तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या किडीला तिकडची बेटं धास्तावलेली आहेत. ज्यांचं पोट नारळावर, त्यांनी धास्ती घेणारच. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण, देशाचा कोड आणि ‘एचटी’ ही अक्षरं ठसठशीत हवीत. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर निदान 30 मिनिटं तापवलंय. आमच्या एका पॅलेटची एक फळी मोडली होती, पोराने गोदामातली दुसरी साधी फळी ठोकून दिली. तेवढ्यावरून सगळा कंटेनर फ्युमिगेशनला, म्हणजे कीड मारायच्या धुरीला, गेला आणि त्याचं बिल, बंदरात अडकून पडल्याच्या डिमरेजसकट, माझ्या नावावर आलं. फळी मी ठेवून घेतली असती, पण तीही जाळली त्यांनी.

एजंटबद्दल. प्रत्येक बेटावर आयात करणारी दोन-चारच घराणी असतात, आणि ती एकमेकांची सोयरी किंवा हाडवैरी, क्वचित दोन्ही. पहिल्याच भेटीत ते ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे त्या बेटावर एकट्यानेच विकायचा हक्क, मागतील. दे, पण एका वर्षापुरतं, आणि वर्षाला इतका माल उचलायचा असं लिहून घेऊन. नाहीतर तो तुझं नाव कपाटात बंद करून ठेवेल, केवळ शेजाऱ्याला मिळू नये म्हणून. आणि बेटावर बातमी लपत नाही. तू एकाला खराब माल दिलास की रविवारी ते सगळ्यांच्या तोंडी. उलटंही तितकंच खरं आहे, हे मी अनुभवाने सांगते.

पैशाचं नीट ऐक, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. गिऱ्हाईक सचोटीचं असूनही पैसे अडकू शकतात. मालदीवची रुफिया अधिकृत दराने डॉलरला 15.42 च्या आसपास बांधलेली आहे, पण त्या दराने बँकेत डॉलर हवे तेवढे मिळतातच असं नाही. रिसॉर्टची कमाईच डॉलरमध्ये, म्हणून ते देऊ शकतं. मालेमधल्या दुकानदाराचा गल्ला रुफियात भरतो आणि तो डॉलर शोधत फिरतो. तुझी चौकशी यातल्या कुणाची आहे, ते आधी विचार. पूर्व कॅरिबियनचं बरं आहे. तिथला डॉलर 1976 पासून अमेरिकन डॉलरला 2.70 वर ठाम आहे, आणि सेंट लुशियासकट सहा देश आणि दोन ब्रिटिश प्रदेश तोच वापरतात. किरिबाती, नौरू आणि तुवालूत थेट ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो. पण चलन चांगलं असूनही बँक आडवी येते. मोठ्या परदेशी बँकांना एवढ्याशा उलाढालीसाठी कागदपत्रं तपासत बसणं परवडत नाही, मग त्या तिथल्या बँकांशी असलेला व्यवहारच बंद करतात. म्हणून एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचं पैसे द्यायचं हमीपत्र, हातात आली की आधी बघ, ती कोणत्या बँकेमार्फत येतेय आणि तुझी बँक त्या नावाला ओळखते का. पहिल्या ऑर्डरला मी एलसीत पडतच नाही. अर्धे आगाऊ, अर्धे बीएलची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत पाहून.

जकातीचं एका ओळीत: वानुआतूसारख्या देशात आयकरच नाही, म्हणजे सरकार बराचसा पैसा बंदरावर आणि विक्रीवर गोळा करणार, उलट मॉरिशसमध्ये बहुतेक मालावर जकात शून्य. जकात ज्यावरून ठरते तो मालाचा एचएस कोड गिऱ्हाइकाकडूनच लेखी घे.

आता ती बिजागरी. पाचव्या की सहाव्या वर्षी मला कुरियरने एक पाकीट आलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. आत टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेली एक बिजागरी. माझीच. रिसॉर्टच्या किचन कॅबिनेटसाठी चार महिन्यांपूर्वी गेलेली. पानं बरी होती, पण पिनेभोवती चहा सांडल्यासारखे तांबूस ओघळ आणि स्क्रूच्या भोकांना गंजाची कड. नखाने खरवडलं तर भुगा निघाला. मी सर्टिफिकेट काढून बघितलं: 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, अगदी चोख, खोटं काहीच नव्हतं. चूक माझी होती. समुद्रापासून लांबच्या स्वयंपाकघरात जे 304 जन्मभर चकाकतं, ते त्या वाऱ्यात टिकत नाही. तिथे 316 ग्रेडचं लागतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच तोंड देतं. मी एकशे साठ कॅबिनेटांच्या बिजागऱ्या स्वखर्चाने बदलून दिल्या. त्या वर्षी नफा नावाची गोष्ट झाली नाही. ते गिऱ्हाईक मात्र अजून आहे, आणि त्याच्या मेव्हण्याने शेजारच्या बेटावरचं कामही मला दिलं. बिजागरी माझ्या टेबलावर असते. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देते.

तुझं कोटेशन मी दोनदा वाचलं. भाव ठीक आहे, मुदत जरा आशावादी आहे, ती तीन आठवड्यांनी वाढव. पण तिसऱ्या पानावर, रेलिंगच्या खांबांसमोर आणि खाली बेसप्लेटसमोर, दोन्हीकडे 304 लिहिलंयस. पाठवायच्या आधी ते बदल, आणि भावही त्याप्रमाणे नव्याने काढ. गिऱ्हाईक विचारेल महाग का. मग माझ्या बिजागरीचा फोटो पाठव त्याला. सोबत जोडलाय.

तुझी,
वैशाली