आखाड सरताना दत्ताला

कोल्हापूर,
आषाढ वद्य दशमी

प्रिय दत्ता,

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू विचारलंस, "अंगातली दारू दवाखान्यानं काढली, डोक्यातली कोण काढणार?" वहिनी आणि पोरं सोबत होती, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. तुझी सुटून आज एकवीस दिवस झालेत आणि पाच दिवसांवर गटारी आलीय. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

तू अगदी मुळावर बोट ठेवलंस. हा आजार दोन जागी राहतो. पहिला घोट पोटात गेला की शरीरच पुढचा मागतं, ही एक जागा. दुसरी जागा मन, आणि ते काम करतं घोट घ्यायच्या आधी, माणूस पूर्ण शुद्धीत असताना. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमधले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी १९३० च्या दशकात हे असंच दोन भागांत सांगितलं. दुसऱ्या भागाला आपण सरळ खूळ म्हणू.

खूळ आरडाओरडा करत येत नाही, समजुतीनं बोलतं. "एवढे दिवस सोडलीस, म्हणजे सुटते की. मग एका क्वार्टरनं काय होतंय?" साडेसहाला काम सुटतं, लक्ष्मीपुरीच्या कोपऱ्यावर गाडीचा वेग आपोआप कमी होतो, आणि त्या घडीला मागच्या खेपेची उलटी, हाताची थरथर, पोरीचं दाराआड लपणं, काहीही आठवत नाही. आठवते ती फक्त पहिल्या पेगची ऊब. म्हणून "मन घट्ट कर" असं सांगणाऱ्यांवर विसंबू नकोस. ज्या मनानं लढायचं, तेच फितूर झालेलं असतं.

आपल्याकडं सगळ्यात जास्त फसवतो तो श्रावण. महिनाभर पाळला की माणूस छाती ठोकून सांगतो, मला सोडता येते. पण पाळताना तो रोज दिवस मोजत असतो. दारू ओठाला लागत नाही, डोक्यात मात्र चालूच राहते. अंबाबाईच्या दारात घेतलेल्या शपथेचंही असंच होतं. शपथ जन्मभराची आणि खूळ एका संध्याकाळचं. ती मोडली की मन खातं, आणि त्या खाण्यावर उतारा म्हणून पुन्हा बाटली. तेव्हा शपथ घेऊ नकोस. सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी एवढंच म्हण, "आजच्या दिवसापुरता पहिला घोट नको, तेवढी ताकद दे." तू जोतिबाला मानतोस, तर जोतिबाकडं माग. ज्याला देव पटत नाही त्यानं गटाकडं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेकडं मागावं. समोर बसलेली माणसंही एके काळी तुझ्यासारखीच पीत होती आणि आज पीत नाहीत, एवढा पुरावा सुरुवातीला पुरतो. दारूतून बाहेर पडायच्या गटाच्या ज्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत 'आम्हाला समजलेला परमेश्वर' असं म्हटलंय ते याचसाठी. आपला माळकरी बघ. नुसती माळ घालून सुटलेले बरेच घसरतात; ज्याच्या मागं रोजचा हरिपाठ आणि दिंडीतली माणसं असतात, तो टिकतो.

माणसं किती लागतात याचं एक जुनं उदाहरण सांगतो. मे १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल, पाच महिने कोरडा, धंद्याचं काम फसलेलं, हॉटेलच्या लॉबीत एकटाच. एका अंगाला बार, दुसऱ्या अंगाला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला, की इथं कोणी पिणारा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून सर्जन डॉ. बॉब भेटले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा मानतात आणि तीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची जन्मतारीख. तुझ्या खिशातही फोन आहे. खूळ चढलं की दुकानाकडं वळायच्या आधी गटातल्या माणसाला लाव. लाट सहसा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ बोलत राहा, वाटल्यास दोन घास खा. भूक, राग, एकटेपण आणि थकवा, यातलं काय आहे ते आधी बघ.

आता खरं काम. चौथी पायरी. दोनशे पानी वही घे आणि पानावर चार रकाने आख. कोणावर राग आहे, कशामुळं, त्यानं माझं काय दुखावलं, आणि त्यात माझा वाटा काय. समजा, पहिल्यात 'थोरला भाऊ'. दुसऱ्यात 'बांध सरकवला'. तिसऱ्यात 'पैसा, मान'. चौथ्यात 'मोजणीच्या दिवशी पिऊन गेलो, भावकीसमोर शिव्या दिल्या'. पहिले तीन रकाने भराभर भरतात, चौथ्याला पेन अडतं. बहुतेकांच्या वह्या तिथंच अर्ध्या राहतात. तू अडलास तर त्या दिवशी तेवढंच ठेव, पण दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून धर. वही लिहायची कारण साडेसहाचं खूळ साडेसहाला जन्मत नाही. दुपारी दोनला भावाचा फोन आलेला असतो, तो मनात घोळत राहतो, आणि संध्याकाळी त्यालाच तहान म्हणतो आपण.

वही लिहून झाली की आठवड्याच्या आत स्पॉन्सरसमोर, म्हणजे गटातल्या तुझ्या आधी सावरलेल्या वाटाड्यासमोर वाच. ही पाचवी पायरी. वहिनींना वाचून दाखवू नकोस. आपला भार हलका करायला दुसऱ्याच्या छातीवर दगड ठेवायचा नसतो. भरपाईच्या नवव्या पायरीतही हीच अट आहे. त्यांनी तुझं "माफ कर" खूप ऐकलंय. किराणावाल्याची उधारी दर शनिवारी पाचशेनं फेडायला लाग, ते त्यांना दिसेल. रोज रात्री दहा मिनिटं दिवसाचा हिशेब लिहीत जा, म्हणजे नवा राग साठत नाही.

औषधांचं थोडक्यात. थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर घे. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास होणारी गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि घरच्यांना सांग की ती चहात किंवा रश्श्यात गुपचूप घालू नका. वरून दारू पडली तर जिवावर बेततं. स्लिप झाली, म्हणजे परत घोट गेला, आणि पिणं काही दिवस चाललं, तर घरी एकदम बंद करू नकोस. सहा-आठ तासांत थरथर, दोन दिवसांच्या आत फिट, दोन ते चार दिवसांत भ्रम, असं होऊ शकतं. सीपीआर हा आपला सरकारी दवाखाना गाठ. रात्री-अपरात्री मन फार घाबरलं तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चालू असतो.

टेंबलाईच्या जत्रेला दर्शन घेऊन ये, पण आखाडाच्या मटणाच्या पंगतींना यंदा जाऊ नकोस. मित्र रुसतील, रुसू देत. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा करायची गटातली रीत आहे. त्यातली एक गटारीच्याच संध्याकाळी आहे. साडेपाचला गाडी घेऊन दारात येतो. जेवून तयार राहा आणि वही बरोबर घे, कोरी असली तरी.

तुझाच,
विलास