दुसरी लाईन घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

नेट बंद पडून काम खोळंबल्याची बातमी आली की सल्ला ठरलेला असतो, दुसऱ्या कंपनीची लाईन घेऊन ठेवा. सल्ला बरोबरच आहे पण अर्धा, उरलेला अर्धा कुणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

मी ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो. एका ठिकाणी दोन लाईन होत्या, राउटरवर फेलओव्हर (एक लाईन गेली की आपोआप दुसरी घेण्याची सोय) चालू होतं, सगळे निश्चिंत. एक दिवस मेन लाईनचं नेट गेलं, पण केबल ठीक, मोडेम ठीक, दिवा हिरवा, बिघाड पुढे नेट कंपनीच्या आत कुठेतरी. आणि आमचा राउटर बघत होता फक्त एवढंच की पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, चालू आहे का. पोर्ट चालू होता, म्हणून तो मेलेल्या लाईनवरच सगळं ढकलत राहिला आणि बॅकअप लाईन शेजारी नुसती पडून. लोक ताटकळले, शेवटी मी मेन केबल हाताने उपटली तेव्हा कुठे दुसरी लाईन सुरू झाली. चूक सेटिंगची होती आणि ते सेटिंग मीच केलं होतं, अजून खटकतं.

त्यामुळे कळकळीने सांगतो, राउटरला बाहेरचा पत्ता पिंग करून, म्हणजे तिकडे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघून, तपासायला लावा. नुसता गेटवे, म्हणजे लाईनवरचं नेट कंपनीचं पहिलं यंत्र, पिंग करून भागत नाही, तो कंपनीच्या दारापर्यंतचंच सांगतो. 8.8.8.8 (गूगलचा) आणि 1.1.1.1 (क्लाउडफ्लेअरचा) असे दोन पत्ते ठेवा, दोन्ही लागोपाठ चार-पाच वेळा फेल गेले तरच लाईन बदलू दे. आणि हे पिंग मेन लाईनमधूनच जाईल असा त्या पत्त्यांचा वेगळा रूट (जायचा रस्ता) राउटरमध्ये बांधा, नाहीतर काय होतं, लाईन बदलली की पिंगसुद्धा बॅकअपमधून जायला लागतं, उत्तर मिळतं, राउटरला वाटतं मेन सुधारली, तो परत तिकडे उडी मारतो, परत पडतो, आणि हे चालूच. पण असा बांधलेला पत्ता ऑफिसच्या कॉम्प्युटरना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून देऊ नका, मेन गेली की तोही गेला, मग बॅकअप चालू असूनही एकही साइट उघडत नाही. ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

मेन परत आली तरी लगेच उडी नको, पाच-दहा मिनिटं स्थिर राहू दे. प्रत्येक बदलात बाहेरचा आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदलतो, व्हीपीएन (नेटवरून केलेली सुरक्षित खाजगी जोडणी) तुटतं, चालू कॉल पडतो. ज्या सर्व्हिसेस ठरावीक आयपीवरूनच आत घेतात त्यांच्याकडे दुसऱ्या लाईनचा आयपी आधीच नोंदवून ठेवा.

दोन कंपन्या म्हणजे दोन रस्ते असंही नसतं, दोघांच्या केबल एकाच चरातून आल्या असतील तर एका खोदकामात दोन्ही जातात, घेताना विचारा. शक्यतो एक फायबर आणि एक मोबाईल नेटवरची घ्या. दोन्ही मोडेम यूपीएसवर हवेत.

आणि महिन्यातून एकदा, काम कमी असेल तेव्हा, मुद्दाम मेन बंद करून बघा. पण राउटरची केबल काढू नका, त्यात फक्त पोर्ट बंद झाल्याचीच परीक्षा होते. बाहेरून मोडेममध्ये येणारी लाईन काढा, राउटरकडचा दिवा हिरवाच राहू दे, आणि घड्याळ लावून बघा किती सेकंदांत दुसरी लाईन घेते.

आपला,
एक नेटवर्कवाला वाचक