आत यायला एक बटण, बाहेर पडायला तीन रविवार

महोदय,

'सगळं एकाच कंपनीचं घेतलं की कटकट नाही,' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. ते खोटंही नाही. फोन, घड्याळ, इअरफोन एकाच घरचे असले की डबी उघडताच जोडले जातात. मलाही ते आवडतं. पण दहा वर्षांचे फोटो एका सेवेतून दुसरीकडे हलवायला बसलो, तेव्हा अल्बम विस्कटले आणि तारखा भलत्याच फायलींत जाऊन बसल्या. त्या जुळवण्यात माझे तीन रविवार गेले.

ब्राउझरचंच पाहा. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर आयता, फुकट मिळू लागला आणि तेव्हाचा लोकप्रिय ब्राउझर नेटस्केप मागे पडला. पुढे स्पर्धाच उरली नाही, आणि एक्सप्लोररच्या २००१च्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी यायला २००६ उजाडलं! मध्ये २००४ साली फायरफॉक्स आला नसता, तर टॅबसाठी, म्हणजे एकाच खिडकीत अनेक पानं उघडता यावीत म्हणून (ओपेरा या ब्राउझरात ते आधीच होते म्हणा), आणखी किती ताटकळलो असतो कोण जाणे.

फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आपलंच सर्च इंजिन आधीपासून निवडलेलं असावं म्हणून गूगलने २०२१मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. सेटिंग बदलायला अर्धा मिनिट पुरतो. तेवढीही तसदी आपण घेत नाही, यावरच हा पैसा लावलेला आहे.

नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते, तीही नियमामुळे. फोटो आणि चॅट जसेच्या तसे उचलून नेण्याची मुभाही कायद्यानेच द्यायला हवी.

– एक वाचक