‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे विधान दुरुस्त व्हावं

महोदय,

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर जुन्या संगणकाचं काय करायचं, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. प्रश्न खरा आहे आणि तो मांडल्याबद्दल लेखकाचे आभार. पण लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट टाकता येणाऱ्या प्रणालीची, बोळवण त्यांनी दोन वाक्यांत केली: ते सर्व्हरसाठी चांगलं, त्यावर गेम चालत नाहीत आणि चित्रकार-डिझायनरांनी त्या वाटेला जाऊ नये. मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, मधूनमधून छोटी अ‍ॅनिमेशन करते आणि रात्री कामं आवरली की तासभर गेम खेळते. गेली तीन वर्षं हे सगळं मी लिनक्सवरच करते आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझा संगणक २०१७ चा आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि रॅडिऑन आरएक्स ५८० कार्ड. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझा त्या यादीत नव्हता. रात्रभर रेंडर लावला तरी तक्रार न करणारं यंत्र केवळ यादीत नाव नाही म्हणून काढून टाकायचं, हे मला पटेना. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराची केडीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, डिस्कला हात न लावता दोन दिवस तिच्यावरच काम करून पाहिलं आणि मग ती टाकली.

आधी गेमचं सांगते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, पण गेमचं चित्र पालटलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने वाइनच्या पायावर प्रोटॉन तयार केलं आणि थेट स्टीममध्ये बसवलं. गेम ग्राफिक्स कार्डाशी विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडीच्या भाषेत बोलतो, डीएक्सव्हीकेसारखा थर ते बोलणं जागच्या जागी व्हल्कन या दुसऱ्या भाषेत उतरवतो, आणि व्हल्कन लिनक्सला उत्तम येतं. वापरणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही. स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबायचं, बस. काही गेम पहिल्यांदा उघडताना ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ अशी पट्टी दिसते. ती पूर्ण होऊ द्यावी, घाईने वगळली तर नंतर खेळताना झटके बसू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्रही लिनक्सवरच चालतं, त्यामुळे पुष्कळ गेम बनवणारे आता मुद्दाम इकडे चाचणी करतात. हॉलो नाइट आणि फॅक्टोरिओ यांच्या तर लिनक्ससाठीच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत. एल्डन रिंग आणि बाल्डर्स गेट ३ मी प्रोटॉनवर, मध्यम सेटिंग ठेवून, शेवटपर्यंत खेळले.

एकदा मात्र पुरती अडकले. जुन्या गेमची डिस्क विंडोजच्या काळातली, म्हणजे एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. पुन्हा शेकडो जीबी कशाला उतरवायचे म्हणून तीच स्टीमला दाखवली. गेम यादीत दिसायचे, ‘प्ले’ दाबलं की क्षणभर ‘रनिंग’ यायचं आणि पुन्हा बटण हिरवं. काही संदेश नाही, काही नाही. दोन संध्याकाळी गेल्यावर कारण सापडलं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतं आणि त्यात ‘सी’ ड्राइव्हच्या नावाची, विसर्गासारखी दोन टिंबं असलेली फाइल बनवतं. ही दोन टिंबं विंडोजच्या नियमांनुसार एनटीएफएसवरच्या नावात चालत नाहीत. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केली आणि अडचण मिटली. नव्याने येणाऱ्यांपैकी बरेच जण इथे ठेचकाळतात आणि ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ असं म्हणून परत जातात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

घोडं खरोखर अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपाशी, आणि ते मला लपवायचं नाही. या गेमसोबत अँटी-चीट नावाचा, खेळातली फसवणूक पकडणारा पहारेकरी येतो. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालण्याची सोय केली, पण ती आपल्या गेममध्ये चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हाती ठेवलं. काहींनी ती चालू केली. फोर्टनाइटसाठी ती चालू झाली नाही, आणि इझी अँटी-चीट ही तर फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकच्याच मालकीची आहे. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस तो बंद केला गेला. इकडची फसवणूक पकडायला जड जाते, असं कारण देण्यात आलं. ते अगदी पोकळ नाही. लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, कोणालाही बदलून पुन्हा बांधता येतं, मग पहारेकऱ्याने भरवसा कशाचा धरायचा? तरीही, काम करणारी सोय हातात असताना सरसकट दार लावून घेणं हा निर्णय आहे, तांत्रिक असमर्थता नाही. वाचकांना हा फरक कळायला हवा. माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर असाच एक गेम खेळतो. ‘ताई, मी पण बदलू का?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला डोळे झाकून हो म्हटलं नाही. त्याच्याकडे दोन डिस्क आहेत. एकीवर त्या एका गेमपुरतं विंडोज ठेवलंय आणि बाकी सगळं दुसरीवर.

आता चित्रांकडे येते. चित्रं काढायच्या टॅबलेटच्या ड्रायव्हरची, म्हणजे तो संगणकाशी जुळवून देणाऱ्या प्रोग्रॅमची, मला सर्वांत जास्त धास्ती होती. वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. माझा टॅबलेट जोडला, क्रीटा हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला आणि पेनाचा दाब पहिल्या रेघेपासून उमटला. पण वर्तुळ काढलं की अंडं दिसायचं. माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत आणि टॅबलेट दोन्हींवर मिळून पसरला होता. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ड्रॉइंग टॅबलेट’ या पानावर तो एका पडद्याला बांधल्यावर वर्तुळ गोल झालं.

ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये दुसराच धडा मिळाला. जुनं दृश्य उघडलं तर सगळ्या भिंती भडक गुलाबी. पोताची चित्रफाइल सापडली नाही की ब्लेंडर असाच गुलाबी रंग दाखवतं. फोल्डरमध्ये फाइल तर समोर दिसत होती. अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की दृश्यात नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होतं आणि डिस्कवर लहान अक्षराने. विंडोज अशा नावांत भेद करत नाही, लिनक्स करतं. ऐंशीएक नावं एकेक करून सुधारली. कंटाळवाणं काम, पण तेव्हापासून मी सगळी नावं लहान अक्षरांतच ठेवते.

ब्लेंडरबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण आपल्या लेखात अशा साधनांना ‘हौशी’ म्हटलं आहे. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा टॉन रोझेन्डाल यांनी लोकांना हाक दिली आणि सात आठवड्यांत १,००,००० युरो उभे राहिले. त्या पैशांतून ब्लेंडर सर्वांसाठी मोकळं झालं. २०२५ चं सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये तयार झाला आहे. मी ज्या साधनावर पोट भरते ते वर्गणीतून सोडवलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

व्हिडिओच्या बाबतीत सावध राहावं. डाविंची रिझॉल्व्ह हा व्हिडिओ संपादनाचा प्रोग्रॅम लिनक्सवर मिळतो, पण त्याच्या मोफत आवृत्तीत इथे एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उघडत नाही, म्हणजे फोनवर काढलेलं बरंचसं चित्रण आधी बदलून घ्यावं लागतं आणि फाइल कितीतरी पट फुगते. माझ्या छोट्या कामांना केडेनलाइव्ह हा संपादनाचा दुसरा प्रोग्रॅम पुरतो. अडोबीची फोटोशॉप, इलस्ट्रेटर ही मंडळी लिनक्ससाठी येत नाहीत. ज्यांचं काम रोज त्याच फाइलींची देवाणघेवाण करण्याचं आहे, त्यांना मी लिनक्स सुचवणार नाही. माझ्याकडून प्रकाशक तयार, सपाट चित्र घेतात, म्हणून माझं निभतं.

तेव्हा एक विनंती. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ या ओळीची दुरुस्ती आपण छापावी, आणि तिच्या जागी एवढंच सांगावं: संगणक टाकण्याआधी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, आपला गेम प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधा, तो ऑनलाइन स्पर्धेचा असेल तर त्याचा अँटी-चीट लिनक्सला परवानगी देतो का ते बघा, आणि आपल्या कामाची एक खरी, अर्धवट राहिलेली फाइल तिथे उघडून पुरी करता येते का ते तपासा.

आपली,
एक चित्रकार वाचक