तेराव्या दुरुस्तीतला अपवाद

महोदय,

मी २६ वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ‘१८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपली’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिले. त्याच तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा आहे, हे मला निवृत्तीनंतर अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत अँजेला डेव्हिस यांचे लेखन वाचताना कळले. याची खंत वाटते.

तुरुंगनिर्मूलन (तुरुंगव्यवस्थाच संपवावी हा डेव्हिस यांचा विचार) म्हणजे गुन्हेगारांना मोकाट सोडणे, असे आपल्या अंकातील लेखात म्हटले आहे. ते मला पटत नाही. डेव्हिस स्वतः सुमारे १६ महिने कोठडीत होत्या आणि १९७२ मध्ये निर्दोष सुटल्या. तुरुंगावर खर्च होणारा पैसा शाळा, दवाखाने, घरे यांवर का होत नाही, असा हा विचार मांडणाऱ्यांचा प्रश्न आहे.

कृष्णवर्णीय स्त्रियांनी तो विचारला, यात नवल नाही. १९७७ च्या निवेदनात वंश, लिंग आणि वर्ग यांचे जाच एकमेकांत गुंतलेले आहेत, असे सांगणाऱ्या बॉस्टनच्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाने स्वतःला अमेरिकेतल्या कोम्बाही नदीचे नाव दिले होते. १८६३ मध्ये त्याच नदीवरच्या लष्करी मोहिमेत, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. टबमन यांच्यावर मी वर्गात एकही तास घेतला नव्हता. आपण त्यांच्यावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका