विन्याला पत्र : मेंढा आणि हळकुंड

सांगली, रविवार

प्रिय विन्या,

तुझा तिकडं ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्नच्या त्या काँक्रीटच्या अवाढव्य मेंढ्यासोबतचा फोटो घरात सगळ्यांनी बघितला. आई म्हणाली, "एवढं जनावर बांधून करायचं काय?" म्हटलं, पोटात दुकान आहे, लोकरीची माहिती मांडलीय, आणि वर चढलं की डोळ्यांतून गाव दिसतं. दुकान म्हटल्यावर तिला लगेच पटलं.

मग मी त्याच्याबद्दल वाचत बसलो. १९८५चा, १५ मीटर उंच, वजन ९७ टन. पण खरी गंमत पुढंच आहे लेका. १९९२ला ह्यूम हायवे गावाबाहेरून गेला आणि मेंढ्याचं गिऱ्हाईक तुटलं. तर २००७मध्ये त्या लोकांनी अख्खा मेंढा उचलून ८०० मीटरवर, हायवेच्या फाट्याजवळ नेऊन ठेवला! आपल्याकडं बायपास झाला की खानावळवाला नुसता नशिबाला बोल लावत बसतो.

आपल्याकडं अवाढव्य म्हणजे वाईचा ढोल्या गणपती. १७६२चं रास्त्यांचं देऊळ, कृष्णेचा पूर दुभंगावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची. पण त्याला रस्त्याची गरज नाही, लोक वाट वाकडी करून जातात. मेंढ्याचं तसं नाही. तो पाटी आहे, पाटी रस्त्यावरच पाहिजे.

म्हणून म्हणतो, सांगलीची पाटी सांगलीत लावून उपयोग नाही. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा पेठ नाक्यावरून सरळ निघून जातो, डावीकडं सांगलीला वळतच नाही. तिथं पन्नास फुटी हळकुंड उभं करायचं. २०१८ला आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाहेरच्याला दिसतं काय? हरिपूरची पेवंसुद्धा जमिनीखाली. वरून चालत जाशील तर पायाखाली हळद साठवत आलेत हे कळायचं नाही.

कट्ट्यावर विषय काढला. पक्या द्राक्षाच्या घडावर अडून बसला, तासगावचा जावई ना! मी म्हटलं, घड कुठलंही गाव करील. अडचण हळकुंडाचीच आहे: अख्खं केलं तर लांबून सुंठ वाटेल. मधोमध मोडलेलंच पाहिजे, आतला केशरी रंग दिसला पाहिजे. इथपर्यंत सगळे राजी झाले. मग उन्हापावसानं रंग उडाल्यावर दरवर्षी रंगवायचं कुणी, यावर बैठक मोडली.

मेंढ्याच्या डोक्यापर्यंत चढायला तिकीट पडतं का, तेवढं कळव. पक्याशी पैज लागलीय.

तुझा,
संज्या